चौथ्या ठिकाणचा पेशंट

नकली रक्त: ग्लिसरीन, खायचा लाल रंग, चमचाभर कॉफी. कॉफी विसरली तर ते सरबत दिसतं.

नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात भिमाजीने अकरा हंगाम केलेली सोंगं: मावशी, शिपाई, सावकार, आंधळा, पुन्हा मावशी.

आजारी मेंढरू ओरडत नाही, कळपाच्या मागं राहतं. हे राजुरीच्या जालिंदरचं म्हणणं, मेंढ्या विकायच्या आधीचं.

नियम ११. कुणीही मोठ्याने 'खरा पेशंट' असं म्हटल्यास शर्यत सर्व टीमांसाठी त्याच क्षणी थांबेल. निकाल जाहीर होणार नाही.

मढची शाळा. चौदा टीम, बेचाळीस डॉक्टर, दोन संडास.

सूरजच्या उजव्या मांडीवर वीतभर लांबीची पांढरी चिकटपट्टी. तिच्यावर बॉलपेन चालतं.

नकली घाम: ग्लिसरीन आणि पाणी, निम्मं निम्मं, न्हाव्याकडे असते तसल्या बाटलीतून फवारायचं.

"बोलू नका, तात्या."

हे सगळं एका रांगेत लावायचं तर शर्यतीपासून सुरुवात करायला हवी.

इमर्जन्सी मेडिसिन शिकणाऱ्या डॉक्टरांची ही शर्यत डिसेंबरात असते. तिघांची टीम. पाठीवर पिशवी, हातात नकाशा आणि होकायंत्र, आणि वाटेत ठिकठिकाणी पडलेले नकली पेशंट. कुणाला साप चावलेला, कुणी पाण्यातून काढलेला, कुणी कड्यावरून घसरलेला. हॉस्पिटलात हात लांब केला की वस्तू मिळते. इथे पिशवीत असेल तेवढ्यावर भागवायचं. लवकर पोचायचं आणि कमी चुकायचं, एवढीच जिंकायची रीत. यंदा मढच्या शाळेतून निघून धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने, दोन डोंगर चढून उतरून पुन्हा शाळेतच यायचं होतं. टीमा बारा बारा मिनिटांनी सुटत होत्या. पेशंट सगळे गावातलेच, आदल्या दिवशी शिकवून तयार केलेले.

सुप्रियाची टीम सातवी सुटली. सुप्रिया राजुरीची, जालिंदरची धाकटी. हाडं, जखमा आणि बांधाबांध तिच्याकडे. श्रेया पुण्यातली, नकाशा तिच्याकडे. सूरज घोडेगावचा. तो कॅप्टन.

सुप्रिया आणि सूरज सहा वर्षं एकत्र शिकत होते. प्रेमबिम काही नव्हतं, त्याच्यापेक्षा कामाचं काहीतरी होतं. ड्यूटीवर एकाच माणसाचा आकडा ती पुन्हा तपासायची नाही, तो सूरजचा. तो म्हणाला, "बीपी नव्वद," की नव्वद. दुसऱ्या वर्षी तिच्याकडून एका बाईच्या पायातली रक्ताची गाठ बघायची राहून गेली होती. सूरजच्या ते राऊंडच्या आधी लक्षात आलं. त्याने गवगवा केला नाही. तिला लिफ्टजवळ नेऊन हळूच सांगितलं, औषध सुरू झालं, बाई चालत घरी गेली. ही गोष्ट तिसऱ्या कुणाला माहीत नव्हती.

जिंकणाऱ्या टीमच्या कॅप्टनला लेहच्या पर्वतीय वैद्यकाच्या कोर्सला जागा मिळत होती. सूरजचं हे तिसरं आणि शेवटचं वर्ष. पहिल्या वर्षी तो चार मिनिटांनी दुसरा आला. दुसऱ्या वर्षी तो सगळ्यांच्या पुढे असताना मागच्या एका टीमने नियम अकरा वापरला. कुणाला तरी दम्याचा झटका आला होता. "संध्याकाळी तो दमेकरी माझ्यासमोर बसून भजी खात होता," असं सूरज वर्षभर सांगायचा, आणि सगळे हसायचे. सुप्रियासुद्धा.

चौथं ठिकाण. बाराला दहा कमी. डोंगराच्या सोंडेवर करवंदाच्या जाळीला टेकून भिमाजी पडला होता. साठीचा माणूस, डावी पँट मांडीपर्यंत फाडलेली, मांडीवर ते कॉफी घातलेलं रक्त. दहा पावलांवर दगडावर वृषाली नावाची इंटर्न बसली होती. ती निरीक्षक. तिने कागदावर खुणा करायच्या आणि विचारलं तर कार्ड दाखवायचं; बाकी तोंड उघडायचं नाही.

भिमाजीने एक डोळा उघडला.

"तू जालिंदरची ना गं? राजुरीच्या?"

सुप्रिया थबकली.

"तुझ्या बानं आमच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवली व्हती. दिवाळीमागं कोकणात उतरायच्या आधी, दरसाल दोन राती. तू एवढीशी. घोड्याच्या पाठीवर कोंबड्यांसंगं बांधलेली असायची."

वृषालीचं पेन हललं.

"झालं," सूरज म्हणाला. "भूमिकेबाहेर गप्पा, दोन मार्क गेले. सुप्रिया, तुझी पाहुणेमंडळी आवर जरा."

सुप्रिया वाकली आणि म्हणाली, "बोलू नका, तात्या. शर्यत झाली की घरी येते चहाला. आत्ता फक्त पाय दुखतोय म्हणा."

"बरं बाई. न्हाई बोलत." भिमाजीने डोळे मिटले आणि असा काही कण्हायला लागला की श्रेयाला हसू आवरेना.

या शर्यतीत नाडी दोनदा बघतात. आधी बोटांनी खरी नाडी मोजायची. ती कुणी हिशेबात घेत नाही. बोटं नीट जागेवर आहेत हे निरीक्षकाला दिसावं, इतकाच तिचा उपयोग. मग निरीक्षक कार्ड दाखवतो. त्यावर त्या नकली दुखण्याची नाडी छापलेली असते, आणि पुढचं सगळं त्या आकड्यावर चालतं. वर्षभर सराव करून या मुलांना ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं, की जिवंत माणसाच्या मनगटावर बोटं ठेवून ती कार्डाची वाट बघतात.

सूरजने मनगट धरलं. मोजलं. मांडीवरच्या पट्टीवर लिहिलं. वृषालीने कार्ड वर केलं: नाडी ११०.

सुप्रिया मांडीशी होती. काठी, दोन पट्ट्या, घोट्याला फास. कमरेखालून पट्टी घालताना तिचा हात भिमाजीच्या पाठीला लागला. सदरा ओला होता. ग्लिसरीन चिकट असतं आणि बाराच्या उन्हात कोमट होतं. हे पाण्यासारखं होतं, आणि गार.

तिने वर पाहिलं. भिमाजीने उजव्या हाताची मूठ छातीवर दाबून धरली होती.

"पाय, तात्या, पाय," ती म्हणाली.

भिमाजीने मूठ छातीवरून काढली आणि मांडीवर ठेवली.

"सूरज, खरी नाडी किती लागली?"

"अठ्ठ्याहत्तर."

"एकसारखी?"

"अगं हो. काठी आवळ."

"यांचा घाम गार आहे."

"सकाळपासून सहा टीमांसाठी फवारलंय त्याला. लोणचं घातलंय माणसाचं."

श्रेया हसली. सुप्रियाने काठी आवळली. तो अठ्ठ्याहत्तर म्हणाला होता, तेव्हा अठ्ठ्याहत्तर.

वीसपैकी एकोणीस मिळाले, वजा दोन. निघताना वृषाली नियम मोडून पुटपुटली, "काय अ‍ॅक्टिंग करतात ना हे." वळणावरून सुप्रियाने मागे पाहिलं. मूठ पुन्हा छातीवर गेली होती. मध्ये अंतर चाळीस पावलांचं. श्रेयाने खालून हाक मारली, "येतेयस ना?" आणि सुप्रिया उतरायला लागली.

पाचवं ठिकाण, विंचू. सहावं, पाण्यातून काढलेली बाई. ती मध्येच शिंकली.

शाळेच्या पटांगणात ते धावत शिरले तेव्हा बारा चाळीस झाले होते. कमानीवरचं घड्याळ बंद केलेलं होतं. टाळ्या नाहीत. पिठल्याच्या पातेल्यावर झाकण. फाटकाशी उभी असायची ती अँब्युलन्स नव्हती.

टेबलामागच्या माणसाने वॉकीटॉकी बाजूला ठेवली. "थांबली शर्यत," तो म्हणाला. "बारा एकवीसला. नियम अकरा."

सूरजचा पहिला प्रश्न: "कुणी म्हटलं?"

दुसरा: "कितवी टीम?"

आठवी. चौथ्या ठिकाणी. त्यांचा रस्ता ओढ्यात चुकला होता, म्हणून त्या टीमला पोचायला उशीर झाला. ते आले तेव्हा भिमाजी कण्हत नव्हता.

कोणता पेशंट, काय झालं, हे सूरजने विचारलं नाही. सुप्रियाला ही गोष्ट आधी नुसती टोचली, मग समजली. ती त्याच्या मांडीकडे बघायला लागली. पट्टीवर ओळीने ठिकाणं होती, एकाखाली एक, नेहमीच्या बारीक अक्षरात.

३ — ८२ — ११.१४

४ — ४४, अनियमित — ११.५२

५ — ९०

पहिल्या वर्षापासून हेच शिकवलेलं असतं: बोटांना लागलं ते आधी लिहा, बोला मागून. तोंड खोटं बोललं तरी हाताला ती सवय राहिली होती.

सूरजने तिची नजर पाहिली. मग पट्टी एका झटक्यात उपटली, मांडीवरच्या केसांसकट, गोळी केली आणि खिशात टाकली. श्रेया बाजूलाच बूट बांधत होती. तिचे हात थांबले, आणि पुन्हा चालू झाले.

"चव्वेचाळीस," सुप्रिया म्हणाली.

"काय?"

"मला अठ्ठ्याहत्तर सांगितलंस."

"कष्टाची माणसं असतात ही. नाडी कमी असते त्यांची."

"अनियमित पण असते?"

"हळू बोल." त्याने तिला पाण्याच्या टाकीमागे नेलं. लिफ्टजवळ नेलं होतं तसंच, कोपराला धरून. "मागची टीम बारा मिनिटांवर होती, सुप्रिया. तेही डॉक्टरच होते ना? त्यांनी पाहिलंच असतं. मी कुणाला रानात टाकून आलो नाही."

"एकोणतीस मिनिटं गेली."

"ते रस्ता चुकतील हे मला कुणी स्वप्नात येऊन सांगणार होतं का?"

"मी तुला विचारलं होतं."

सूरज अगदी साध्या आवाजात, रुग्णाच्या नातेवाइकाला समजवावं तसा म्हणाला, "आणि त्याला गप्प कुणी बसवलं? मी?"

आळेफाट्याच्या हॉस्पिटलात ती दुसऱ्या दिवशी एकटी गेली, उभ्याने, नाशिकच्या गाडीने. बाहेरच्या बाकड्यावर साळुबाई बसली होती, भिमाजीची बायको, मांडीवर त्याच्या चपला घेऊन. कुणीतरी सांगितलं होतं की आत चपला चालत नाहीत, आणि बाहेर ठेवल्या तर चोरीला जातात.

"जा आत," ती म्हणाली. "तुझंच नाव घेत व्हते."

भिमाजीच्या तोंडावर मास्क होता. सुप्रियाने पडद्यावरचे आकडे वाचले. स्वतः वाचले, दोनदा. गाठ विरघळायचं औषध उशिरा पोचलं होतं. हृदयाचा खालचा भाग जवळजवळ हलतच नव्हता.

भिमाजीने मास्क खाली ओढला. "सोंग लई वठलं म्हणायचं का गं?"

"तात्या, मी तुम्हाला गप्प राहा म्हटलं."

"तू पाय म्हणली, म्या पाय धरला. फडात सरदार सांगल तसं करायचं असतंय. न्हाईतर खेळ पडतो." त्याला धाप लागली. तिने मास्क वर केला, त्याने पुन्हा खाली ओढला. "ते पोरगं. हात धरलेलं. त्याला कळलं व्हतं."

"कशावरून?"

"लई येळ सोडंना हात. आन् सोडल्यावर माझ्या तोंडाकडं बघंना."

मंगळवारी सकाळी भिमाजी गेला.

गुरुवारी विभागप्रमुख मॅडमच्या खोलीत तिघांनी निवेदनं दिली. सूरजचं टाइप केलेलं, दीड पान. मॅडमनी ते मोठ्याने वाचलं.

"...डॉ. सुप्रिया यांचा रुग्णाशी कौटुंबिक पूर्वपरिचय होता. परिचयामुळे त्यांचं लक्ष विचलित झालं. रुग्ण स्वतःहून बोलत असताना त्यांनी त्याला न बोलण्याची सूचना केली. छातीवर ठेवलेला हातही त्यांनी काढायला लावला. निरीक्षकांनी हे नोंदवलं आहे..."

वावरातल्या दोन राती, घोडा, कोंबड्या, सगळ्यांचं मिळून 'पूर्वपरिचय' झालं होतं. आणि यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सुप्रिया खोटं वाक्य येईल म्हणून वाट बघत राहिली. ते आलं, पण एकच, आणि अगदी लहान: नाडी ७८, नियमित.

त्याखाली शेवटचा परिच्छेद होता. यापूर्वीही दुसऱ्या वर्षात डॉ. सुप्रिया यांच्याकडून एका महिला रुग्णाच्या बाबतीत...

तिने सूरजकडे पाहिलं. तो टेबलावरच्या काचेच्या पेपरवेटकडे बघत होता. लिफ्टजवळचा तो हळू आवाज तिने इतकी वर्षं उपकारासारखा सांभाळला होता. त्यानेही सांभाळला होता, फक्त दुसऱ्या कामासाठी.

"पट्टीवर चव्वेचाळीस लिहिलेलं होतं," सुप्रिया म्हणाली.

"पट्टी कुठे आहे?"

"त्याने काढून खिशात टाकली. श्रेयासमोर."

मॅडमनी श्रेयाकडे मान वळवली.

"मी बूट बांधत होते, मॅडम," श्रेया म्हणाली. "सूरज अठ्ठ्याहत्तर म्हणाला ते मी ऐकलं." हेही खरंच होतं.

सुप्रियाचं निवेदन हाताने लिहिलेलं, अर्धं पान. पहिलं वाक्य: मी पेशंटला बोलू नका असं सांगितलं आणि त्याने ते ऐकलं. मॅडमनी चष्मा काढला. "हे पहिलं वाक्य काढलंस तर तुझ्या दृष्टीने बरं होईल. बाकीचं सिद्ध होण्यासारखं नाही, आणि हे मात्र तू स्वतःच देतेयस."

"असू दे, मॅडम."

तिला तीन महिने ड्यूटीवरून काढलं. सूरजला समजपत्र. श्रेयाला काहीच नाही; ती नकाशावाली.

जिन्यात सूरज मागून आला. "तू आकड्याचा विषय काढायला नको होतास. मी तुला सांभाळून घेतलं असतं. शेवटचा परिच्छेद मी घालणार नव्हतो."

"कधी घातलास?"

"तू हॉस्पिटलात जाऊन आलीस असं कळलं तेव्हा."

ती दोन पायऱ्या खाली होती. तिथूनच तिने त्याचं मनगट धरलं. त्याला वाटलं ती काही बोलेल. तिने फक्त नाडी मोजली, घड्याळात बघून, पूर्ण अर्धा मिनिट. एकशे दहा. मग हात सोडून दिला आणि उतरून गेली.

दहावा झाल्यावर ती मढला गेली. दारात मांडव अजून सोडलेला नव्हता. झुंबरबाई नावाची शेजारीण चहाची किटली घेऊन आली आणि बाहेरच्या बाईकडे बघतात तसं बघून गेली. साळुबाई भिंतीला टेकून बसली होती.

"मला सांगायचंय," सुप्रिया म्हणाली. "त्या दिवशी तात्यांची नाडी चव्वेचाळीस होती. चुकत चालत होती. आमच्यातल्या एकाला ते कळलं होतं. मला त्याने वेगळाच आकडा सांगितला."

"चव्वेचाळीस म्हंजी कमी का जास्त?"

"कमी. खूप कमी."

"आन् मंग काय करायचं असतं?"

"ओरडायचं असतं. सगळं थांबवायचं असतं."

"कुणी थांबिवलं न्हाई."

"नाही."

साळुबाईने कपातला चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला. "तुझा बा न्हाई त्या वक्ताला यायचा," ती म्हणाली. "आम्ही कवा त्याला नगं म्हणलं न्हाई. मेंढरं बसवायला वावर दिलं, दाणं दिलं. तू तापली व्हतीस एका साली. ह्यांनी तुला वतूरला दवाखान्यात नेली, सायकलीवर. रातभर बसलं तिथं. तुला काय ठावं असणार."

सुप्रियाला ते ठाऊक नव्हतं.

"तू ह्यांची नाडी का न्हाई धरली?" साळुबाईने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. "तू डाक्तर. हात तुझा व्हताच की ह्यांच्या पाठीखाली, ह्येच सांगत व्हते."

"दुसऱ्याने धरली होती. माझा त्याच्यावर विश्वास होता."

"आन् ह्यांचा तुज्यावर," साळुबाई म्हणाली, आणि उठून बशी आत घेऊन गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. सुप्रिया मांडवाखाली बसून राहिली. समोरून माळशेजकडे जाणाऱ्या गाड्या जात होत्या. शेवटी झुंबरबाईच पुन्हा आली आणि म्हणाली, "जा आता, बाई. ती काय यायची न्हाई."

शर्यतीसाठी नावं घ्यायला माणूस गावात आला त्याच्या आदल्या आठवड्यात भिमाजीच्या छातीत दोनदा दुखलं होतं, आणि एवढे डॉक्टर एकदम येतायत तर कुणी ना कुणी नीट तपासेल, म्हणून त्याने पहिलं नाव दिलं होतं.